चार रांचूंचा उपास

मासे आणायला पालघरला चालले आहे म्हटल्यावर शेजारच्या वहिनी पिशवी घेऊन आल्या. एक किलो पापलेट, आणि बरी दिसली तर कोलंबी, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, मी आणणार ते मासे खायचे नाहीत, बघायचे आहेत. वहिनींनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पिशवीची घडी घालून त्या घरी गेल्या.

त्यांचं काही चुकलं नाही. नाशिकचा माणूस मुंबईला जातो, शिर्डीला जातो, फार तर सापुताऱ्याला जातो. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असा एक रस्ता आहे आणि तो घाट उतरून थेट समुद्राला भिडतो, हे मलासुद्धा साठी जवळ आल्यावर कळलं. तेही माशांमुळे, जे मला आवडत नाहीत. ताटात नाहीत आणि टाकीतही नाहीत.

आवड आहे ती आमच्या ह्यांना. हे म्हणजे माझे यजमान; कारखान्यातून निवृत्त झाले आणि गोल्डफिशच्या नादी लागले. त्यातही रांचू नावाच्या जातीच्या. रांचूला पाठीवर पर नसतो. डोक्यावर फुलकोबीसारखी वाढ, पोट सुटलेलं, आणि पोहणं असं की बटाटेवड्याला शेपूट लावून पाण्यात सोडावा. असे सात-आठ बटाटेवडे आमच्या दिवाणखान्यात वर्षानुवर्षं फिरत होते. एप्रिलमध्ये ह्यांची बायपास झाली. मी दवाखान्यात, घराला कुलूप. मध्येच कधीतरी वीज गेली, ती परत आली, पण टाकीतला हवेचा पंप काही परत सुरू झाला नाही. अंघोळीला म्हणून घरी आले तर सगळे मासे वर तरंगत होते. दोष माझा नव्हता आणि मी तो अंगाला लावूनही घेतला नाही.

पण घरी आल्यावर हे त्या रिकाम्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसायला लागले. पूर्वी बसत तसेच, चहा झाल्यावर. काय बघताय म्हणून विचारलं तर म्हणायचे, "काच पुसायची आहे." पावसाळा गेला, दिवाळी गेली, काच पुसायचीच राहिली. माणूस एकदा रडला असता तर मी समजूत घातली असती. काच पुसणाऱ्याची काय समजूत घालायची?

मग थंडीत एक दिवस फोनवर बोलताना ह्यांचा आवाज मला चढलेला ऐकू आला. माहीमच्या कोणा जतीनकडे थायलंडहून रांचू आले होते, चार, एका घरातले असावेत तसे सारखे. जतीन म्हणत होता, पार्सलने पाठवणार नाही. मागे पाठवले तेव्हा खोका कुठेतरी उन्हात पडून राहिला आणि मासे शिजून पोचले. ज्याला हवेत त्याने येऊन घेऊन जावे. डॉक्टरांनी ह्यांना घाटाचा प्रवास बंद केलेला. ह्यांनी फोन ठेवला, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि परत काचेसमोर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मी एसटीची चौकशी केली.

माहीम

हे माहीम मुंबईतलं नव्हे, पालघरचं. केळव्याच्या अलीकडे, समुद्राला लागून. स्टँडवरून रिक्षाने निघालं की थोड्या वेळात दोन्ही बाजूंना वाड्या सुरू होतात: नारळ, सुपारी, केळी, आणि त्यांच्या सावलीत विड्याच्या पानांचे वेल. नाशिकच्या द्राक्षबागा कशा उघड्या माळावर रांगेत उभ्या असतात. इथली बाग घराला बिलगून असते. कुठे अंगण संपलं आणि कुठे बाग सुरू झाली ते सांगता येत नाही.

जतीन चाळिशीतला, तारापूरच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला. घरी तो आणि त्याची आई. बायको मुलांना घेऊन माहेरी लग्नाला गेली होती. पूर्वी ज्या शेडमध्ये पानं निवडत, तिथे आता सिमेंटच्या टाक्या आणि बुडबुडे. त्याने मला सगळं दाखवलं. मासे विमानाने मुंबईला उतरले की आधी कागद, मग तपासणी, मग सरकारी नियमाप्रमाणे वेगळे ठेवणं. ते संपवून इथे आणले तरी हा त्यांना परत वेगळ्या टाकीत ठेवतो, पाण्यात मीठ घालतो, रोज न्याहाळतो. एकूण नव्या सुनेला इतकं कोणी तपासत नसेल. मी तसं म्हटल्यावर त्याची आई पहिल्यांदा हसली.

बांधणीचा प्रकार त्याने मला नीट समजावला, कारण परतीचा भार माझ्यावर होता. जाड प्लास्टिकची पिशवी, तीही दुहेरी. एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. पिशवीचे खालचे कोपरे रबराने बांधून टाकायचे, नाहीतर मासा कोपऱ्यात अडकून बसतो. मग थर्माकोलचा खोका, आणि आत अंधार. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निघण्याआधी दोन दिवस मासा उपाशी हवा. पोटात काही असलं की तो पिशवीत घाण करणार, तेच पाणी विषारी होणार आणि तो त्यातच गुदमरणार. दोन दिवसांतला एक आज उलटत आला होता. उद्याचा दिवस गेला की परवा पहाटे बांधायचं आणि मी निघायचं.

हे प्रवासाला बांधून देण्याचं काम त्या घरात नवं नाही. जतीनचे वडील आणि आजोबा पानांच्या करंड्या बांधत. केळीचं सोपट, म्हणजे खोडाची साल, आत लावून, पाणी शिंपडून, अशा की पान उत्तरेत दूरवर जाऊन पोचलं तरी ताजं. "तेच काम," जतीन म्हणाला. "फक्त माल हलतो."

रात्रीच्या जेवणाला उकडहंडी होती. कंद, रताळी, शेंगा, वांगी असं जे जे थंडीत निघतं ते मसाला लावून एका मडक्यात शिजवायचं. सोबत तांदळाची भाकरी. आमच्याकडे पाहुण्याला एकदा "घ्या ना अजून" म्हणतात. दुसऱ्यांदा म्हटलं तर तो आग्रह. इथे विचारत नाहीत, वाढतात. मी ताटावर हात आडवा धरला तर जतीनच्या आईने तो बाजूला केला, पदार्थावरची माशी बाजूला करावी तसा, आणि भाकरी टाकली. मी खाल्ली. न खाऊन सांगते कुणाला!

सकाळी जतीन पहिल्या पाळीला गेलेला. मी दात घासत शेडकडे गेले तर मावशी, म्हणजे त्याची आई, टाकीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या. हातात वाटी. वाटीत मऊ भात आणि त्यात चुरलेला जवळा. जवळा म्हणजे ती वाळवलेली बारीक कोलंबी. चारही बटाटेवडे तोंडं वर करून आ वासून उभे होते आणि मावशी चिमटीचिमटीने त्यांना भरवत होत्या.

माझ्या तोंडात फेस होता म्हणून, नाहीतर मी काय बोलले असते देव जाणे. चूळ भरून येईपर्यंत वाटी रिकामी झाली होती. अहो, त्यांना खायला द्यायचं नाही असं जतीनने सांगितलं नव्हतं का?

"सांगितलं," मावशी म्हणाल्या. "काल जेवले नाय, आज पन नाय. घरातून उपाशी कोन जाते, बाय? आमच्यात नाय तसं."

मी जतीनने सांगितलेलं सगळं शास्त्र त्यांना परत सांगितलं, पाणी, घाण, विष. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. जतीन बापाच्या वळणावर गेला, असं त्यांचं मत पडलं. करंड्या बांधून बांधून सगळंच त्याला करंडी वाटतं. "पानाला पानी लागते, खानं लागत नाय," त्या म्हणाल्या. "ह्यांना तोंड हाय."

दुपारी जतीन आला आणि टाकीच्या तळाशी माशांच्या घाणीचे लाल-पांढरे दोरे पडलेले बघूनच काय ते समजला. कपडे न बदलता पाणी उपसायला लागला. मला म्हणाला, "काकी, दोन दिवस परत. आता नेलेत तर घाटात संपतील."

मी ह्यांना फोन केला. हा माणूस दवाखान्यातून सुटताना बिल व्हायच्या आधीच चपला घालून बसला होता. तो मला म्हणाला, "थांब तिथेच. घाई करू नकोस." आणि मग हळूच, "खाल्लं का पण त्यांनी? सगळ्यांनी?"

बोईसर

थांबायचंच आहे तर काहीतरी बघावं म्हणून दुसऱ्या दिवशी जतीनबरोबर बोईसरला गेले. ऑक्सिजनची लहान टाकी भरून आणायची होती आणि थर्माकोलचा खोका घ्यायचा होता. बोईसर हे काही बघायला जायचं ठिकाण नाही. ट्रक, टँकर, धूळ, आणि हवेत कसलातरी आंबूस वास, जो जतीनला येत नाही. कारखान्यांच्या फाटकांवर बिहारपासून जळगावपर्यंतची माणसं चहा पीत उभी. आमच्या सातपूरला कारखाने आहेत, पण सातपूर शेवटी नाशिकचं आहे. बोईसर कुणाचंच वाटलं नाही. सगळे कामाला आलेले, आणि कुणी विचारलं तर पहिल्यांदा आपलं गाव सांगणारे. चहावाल्याने मलाही गाव विचारलं. नाशिक म्हटल्यावर द्राक्षांचा भाव विचारला.

गॅस भरून देणाऱ्या दुकानात वेल्डिंगवाल्यांची रांग होती. जतीनच्या हातातली लहान टाकी आणि त्याच्यामागे माझ्यासारखी वयस्क बाई बघून दुकानातला माणूस उठलाच. सगळ्यांना बाजूला करून त्याने आमची टाकी घेतली आणि मला बसायला स्टूल दिलं. "पेशंट कैसा है, माताजी?" त्याने विचारलं.

माझ्या डोळ्यांसमोर एकदम एप्रिल आला. मी म्हटलं, अब ठीक है. ते खरंच होतं, फक्त दुसऱ्या पेशंटबद्दल. जतीन तोंड फिरवून हसत होता, पण टाकी भरून होईपर्यंत त्याने काही खुलासा केला नाही. पैसे देताना मात्र मलाच राहवलं नाही आणि मी सांगून टाकलं की मासे आहेत. त्या माणसाने क्षणभर विचार केला. "जान तो जान है," म्हणाला, आणि पुढच्या वेल्डिंगवाल्याकडे वळला. स्टूल काढून घेतलं नाही.

परतताना जतीनने मला शिरगावला सोडलं. तिथे समुद्राकाठी किल्ला आहे. आमचे सह्याद्रीतले किल्ले चढताना जीव काढतात. हा चपला घालून, पर्स काखेत मारून बघता येतो. तटावर बसलं की खाली वाळूवर मासळी सुकत घातलेली दिसते. किल्ल्यात फांद्या फुटलेलं एक ताडाच्या जातीचं झाड आहे. ताडाला फांद्या फुटतात हे मी याआधी पाहिलं नव्हतं. मी त्याचा फोटो काढून ह्यांना पाठवला. उत्तर आलं: पाण्याचं तापमान काय आहे?

संध्याकाळी घरी आले तर मावशी परत शेडच्या दाराशी. हातात वाटी, पदराआड. या वयाला बाई पदराआड वाटी लपवते, म्हणजे तिच्या पोटात किती तुटत असेल ते कळत होतं, पण माझ्याही डोळ्यांपुढे दोन दिवस अजून वाढलेले दिसत होते. शास्त्र सांगून झालं होतं. रागावण्याचा मला अधिकार नव्हता. मग मला एकदम सुचलं.

"मावशी," मी म्हटलं, "त्यांचा उपास आहे."

त्या थांबल्या. "कसला?"

"प्रवासाचा. नाशिकला पोचले की सोडायचा."

त्यांनी टाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाटीतला जवळा परत डब्यात ओतला. असं होतं तर आधी सांगायचं, म्हणाल्या. उपास कोण मोडतो? मग उपास कशावर सोडायचा ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चिमूटभर काहीतरी. तर त्यांनी कागदाच्या पुडीत थोडा जवळा बांधून माझ्या पर्समध्येच ठेवला. मी माझ्या हुशारीवर बेहद्द खूश. फोनवर ह्यांना सांगितलं तेव्हा तेही हसले. बायपासनंतर मी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं म्हटलं तरी चालेल.

निघायच्या दिवशी पहाटे बांधणी झाली. जतीन टाकीतून एकेक मासा जाळीने नाही, ओंजळीने उचलत होता. पिशवीत पाणी, मग नळीने ऑक्सिजन, पिशवी टम्म. तिला पीळ देऊन रबर. मी खोका धरून उभी होते. चार पिशव्या, मध्ये वर्तमानपत्रांच्या सुरळ्या, झाकण, चिकटपट्टी. मावशी दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या.

मला भाकरी आणि चहा मिळाला. जतीनला मिळाला. मावशींनी स्वतः काही घेतलं नाही. मी विचारलं, आज काय, चतुर्थी?

"ह्यांचाच," त्या म्हणाल्या आणि खोक्याकडे बोट केलं. "पावने उपाशी निघाले नि मी जेवू? काल सांजपासून हाय. त्यांनी सोडला की फोन कर. मंग मी सोडन."

मी म्हटलं, मावशी, निदान रताळं तरी खा. उपासाला रताळं चालतं.

"ते रताळं खातात काय?" त्या म्हणाल्या. "ते पान्यात हायेत, मी पानी पिते."

जतीन मला रिक्षापर्यंत सोडायला आला. खोका माझ्या मांडीवर ठेवला आणि रिक्षाची दांडी धरून उभा राहिला. "काकी, तुमी उपास कशाला सांगितलात? तिला साखर हाय. सकाळ-संध्याकाळ गोळी खाते, वर खानं नसेल तर चक्कर येते." मी म्हटलं, मला काय माहीत. तो म्हणाला, मलापन कुठे माहीत होतं.

केली तेवढी हुशारी बास झाली, असं तेव्हा माझ्या मनात आलं.

जव्हारचा रस्ता

पालघरहून थर्माकोलचा खोका घेऊन एसटीत चढणारी बाई म्हणजे मासळीच नेणार, हे कंडक्टरने गृहीत धरलं. बर्फ गळेल, वास येईल, खोका वर टाका. मी म्हटलं, वास येणार नाही, जिवंत आहेत. हे बोलून मी चूक केली. पुढच्या सीटवरच्या माणसाने जिवंत मासळीचा भाव विचारला. त्याच्या शेजाऱ्याने कशी करतात ते विचारलं, कालवण की तळून. शेवटी मी सांगितलं की आमच्या ह्यांचं ऑपरेशन झालंय आणि हे त्यांच्यासाठी आहेत. ताकदीला चांगले, कंडक्टर म्हणाला, आणि खोका मांडीवर ठेवू दिला.

मनोर गेलं, विक्रमगड गेलं, ऊन माझ्या बाजूला आलं. मी उठून पलीकडच्या सीटवर गेले. वळणावर ऊन तिकडे आलं, परत इकडे. तिसऱ्यांदा उठल्यावर कंडक्टरने मला पाहून मान हलवली. खोक्याला कान लावला तर काही ऐकू येत नव्हतं. मासा काही बोलत नाही, हे माहीत असूनही मी दर थोड्या वेळाने कान लावत होते. ह्यांना दवाखान्यात गुंगीत ठेवलं होतं तेव्हाही मी असंच करत असे. जवळ जायचं आणि ऐकायचं.

जव्हारला गाडी थांबली ती थांबलीच. चाकात काहीतरी झालं होतं आणि ते काढायला लागलेले दोघेजण एकमेकांना दोष देत होते. स्टँडवर सगळे भजी खात होते. मी कागदात बांधून दिलेली भाकरी उघडली आणि परत बांधली. उपासबिपास काही नाही. लक्ष सगळं खोक्यात होतं एवढंच. पालघरकडे एक म्हातारी पाण्यावर बसली होती, नाशिकला एक माणूस टाकी घासून, पाणी तयार करून दाराशी उभा होता, आणि ह्या दोघांच्या मधलं जे काही होतं ते माझ्या मांडीवर, थर्माकोलमध्ये. मला खरंच भीती वाटली. मला आवडत नसलेल्या प्राण्यांसाठी मी देवाचं नाव घेतलं.

शेजारी मोखाड्याला उतरणारी एक बाई येऊन बसली. तिच्या पिशवीतून कोंबडीची मान बाहेर. भावाकडे चालली होती. तिने खोक्यात काय आहे ते विचारलं, मी सांगितलं. उपाशी नेते म्हटल्यावर तिने कोंबडीच्या डोक्यावरून हात फिरवला. आपण सकाळी दाणे घातले हे सांगण्याची तिला गरज वाटली नाही.

नाशिक

गाडी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. हे फाटकात उभे. मला "आलीस?" सुद्धा म्हणाले नाहीत, खोका हातात घेतला. वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं, पण त्या वेळी मी तोंड उघडलं नाही. अंधारातून येणाऱ्या माशांना त्रास नको म्हणून आत दिवे मालवून ठेवले होते. काच पुसलेली होती, लख्ख.

पिशव्या न उघडता टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या. दोन्हीकडच्या पाण्याचं तापमान सारखं झालं की ह्यांनी एकेक पिशवी कापली आणि माशाला ओंजळीत घेऊन टाकीत सोडलं. पिशवीतलं पाणी बादलीत. एक, दोन, तीन आणि चार. चारही हलत होते. चौथा जरा कलला, मग सावरला आणि मागच्या कोपऱ्यात जाऊन तोंड भिंतीकडे करून राहिला. ह्यांनी श्वास सोडला. मी जतीनला फोन लावला.

"पोचले ना? बरं झालं," तो म्हणाला, पण आवाजात बरं काही नव्हतं. "आई दुपारी बसल्याजागी कलली. साखर घातलेला चा पाजला तेवढा. आता परत हट्ट धरून बसलीय. खाल्लं काय म्हनून विचारते."

मी ह्यांना सगळं सांगितलं. हसून सांगितलेला उपास आता कुठे येऊन ठेपलाय ते. हे ऐकत होते, नजर टाकीकडे. म्हणाले, आजचा दिवस काही देता येणार नाही. इतक्या हेलपाट्यानंतर पहिल्या दिवशी पोटात गेलं तर पचत नाही. मासा पोट वर करून उलटतो. तिला फोनवर सांग, खाल्लं म्हणून.

ते अगदी सोपं होतं. मी फोन हातात घेतलाही होता. खोटं बोलायला मी एरवी अडत नाही. शेजारच्या वहिनींशी तर रोज बोलते. पण ज्या बाईने माझा हात बाजूला करून मला वाढलं, तिला उपाशी माशांच्या नावाने खोटं सांगून जेवायला बसवायचं, हे माझ्याच्याने होईना. तिचा उपास माझ्या एका खोट्यावर सुरू झाला होता. त्यावर आणखी एक कुठे ठेवणार? आणि खरं करावं तर हे चार जीव पणाला. उद्या त्यातला एक जरी वर तरंगला तरी ही खुर्ची परत काचेसमोर येणार, हे मला दिसत होतं. पर्समधली पुडी काढून टेबलावर ठेवली.

ह्यांनी पुडीकडे पाहिलं. मग चष्मा लावला, पुडी उघडली, एक जवळा उचलला आणि नखाने त्याचे तुकडे करायला लागले. इतके बारीक की मला दिसेनात. चार तुकडे बोटाच्या टोकावर घेऊन त्यांनी पाण्यावर बोट टेकवलं. पहिला आला, त्याने गिळला. दुसऱ्याने तोंडात घेऊन थुंकला, परत घेतला. तिसराही वर आला आणि खाऊन खाली गेला.

मी फोन लावला. या वेळी मावशींनीच घेतला. आवाज बारीक झाला होता.

"चारी जनांनी खाल्लं?"

"तिघांनी," मी म्हटलं.

"मंग चवथ्याचं होऊ दे," त्या म्हणाल्या. "घाई नाय."

चौथा कोपऱ्यात तसाच. हे खुर्चीवर बसले. मी स्वयंपाकघरातून पाट आणला आणि त्यांच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत त्या टाकीसमोर मी बसले नव्हते. कधी आम्ही एकमेकांकडे बघत होतो, कधी चौथ्याकडे. शेजारी कुकरची शिट्टी झाली. ह्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडायचं विसरले. काहीतरी पुटपुटत होते. लक्ष देऊन ऐकलं तर "खा रे, ती बाई थांबलीय," असं म्हणत होते.

तो वळला तेव्हा आधी शेपूट वळलं, मग सगळं धूड. वाटेत दोनदा थांबला. तुकडा पाण्यावर इकडेतिकडे सरकत होता. त्याने तोंड लावलं, हुकलं, परत लावलं.

"खाल्लं?" पलीकडून आवाज आला. फोन मी ठेवलाच नव्हता.

"खाल्लं, मावशी."

पलीकडे ताट मांडल्याचा आवाज झाला. जतीन काहीतरी बोलत होता, त्या त्याला गप्प बस म्हणत होत्या. मग फोन परत तोंडाजवळ आला. "आनि तू? जेवलीस काय?"

सकाळच्या भाकरीवर होते मी. तसं सांगितलं.

"मंग ऊठ," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी भात टाकायला उठले. ह्यांनी हात सोडला नाही. म्हणाले, थांब जरा, तो परत वर येतोय. मी परत पाटावर बसले.